माराबाची धुतलेली कॉफी

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कॉफी म्हटलं की आपल्यापैकी कुणाला उडुप्याच्या हॉटेलातली फेसाळ फिल्टर कॉफी आठवेल, तर कुणाला पाहुणे आल्यावर जायफळ किसून केलेली घरची दुधाळ कॉफी. दोन्ही छानच. पण ही कॉफी आपल्या पेल्यात येण्याआधी कुठून आणि कशी येते, याचा विचार आपण फारसा करत नाही. चहाचा मळा निदान सिनेमातल्या गाण्यात तरी पाहिलेला असतो. कॉफीचं झाड पाहिलेली माणसं मात्र आपल्यात कमीच. म्हणून आज मी कॉफीची गोष्ट सांगणार आहे आणि तीही जरा लांबच्या मुलखातली, आफ्रिकेतल्या रवांडा देशातली.

आधी थोडं कॉफीच्या फळाविषयी. आपण कॉफीचा दाणा म्हणतो ते खरं म्हणजे एका फळातलं बी. पिकलं की हे फळ लालभडक होतं, साधारण करवंदाएवढं दिसतं. वर पातळ साल, आत गोडसर, बुळबुळीत गर आणि त्या गरात एकमेकींना चिकटून बसलेल्या दोन बिया. प्रत्येक बीवर पुन्हा कागदासारखं एक टरफल असतं. फळ झाडावर आहे तोवर ठीक. तोडलं की त्यातली साखर आंबायला लागते. दुपारी तोडलेलं फळ पोत्यात तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडलं, तर त्याला आंबूस वास यायला लागलेला असतो. तो वास बीमध्ये उतरतो आणि मग कितीही चांगलं भाजा, कितीही चांगलं दळा, तो कपात येतोच.

माझं लहानपण नगर जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात गेलं. ऊस तोडला की मोळ्या लवकरात लवकर गव्हाणीत पडल्या पाहिजेत, नाहीतर वजन घटतं आणि साखरेचा उतारा पडतो, हे तिथं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ज्या पिकाला थांबायला वेळ नाही, त्या पिकाचा शेतकरी भावासाठी अडून बसू शकत नाही. जवळ ज्याचा कारखाना असेल, त्याच्या दारात त्याला जावंच लागतं. मग तो कारखाना शेतकऱ्यांच्याच मालकीचा का असू नये, या विचारातून १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला. तो इतिहास तुम्हाला माहीत आहे. रवांडातल्या कॉफी उत्पादकांपुढे अगदी हाच प्रश्न होता. फक्त त्यांची परिस्थिती आपल्यापेक्षा फार वेगळी, फार भीषण होती.

रवांडा हा आफ्रिकेच्या मध्यावरचा चिमुकला देश. क्षेत्रफळ साधारण महाराष्ट्राच्या बाराव्या हिश्श्याएवढं, पण लोकसंख्या सव्वा कोटीच्या पुढे. सगळा मुलूख डोंगराळ, म्हणून त्याला हजार डोंगरांचा देश म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन मिशनऱ्यांनी इथं कॉफीची रोपं आणली. पुढे बेल्जियमचं राज्य आलं. त्यांनी १९३०च्या दशकात शेतकऱ्यांवर कॉफीची सक्तीच केली. स्वातंत्र्यानंतरही सरकारचं धोरण फारसं बदललं नाही. परकीय चलन कॉफीवरच यायचं, त्यामुळे झाडं उपटायला कायद्यानं बंदी होती. आपल्या शेतातलं झाड, पण ते ठेवायचं की काढायचं हे ठरवायचा अधिकार आपला नाही, अशी ती शेती.

इथं मोठे मळे नाहीत. घराभोवतीच्या उतारावर केळी, घेवडा, रताळी आणि त्यांच्या जोडीला कॉफीची दोन-तीनशे झाडं, असा सर्वसाधारण शेतकऱ्याचा संसार. अशी सुमारे चार लाख कुटुंबं कॉफी पिकवतात. जात बहुतेक अरेबिकातली बूर्बों, उंची समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार मीटर, माती ज्वालामुखीच्या मुलखातली, रात्री थंड. थंड हवेत फळ सावकाश पिकतं आणि सावकाश पिकलेल्या बीला चव जास्त. म्हणजे उत्तम कॉफीला लागणारं सगळं निसर्गानं दिलेलं होतं. तरीही जगाच्या बाजारात रवांडाची कॉफी हलक्या प्रतीची म्हणूनच ओळखली जाई.

याचं कारण फळ तोडल्यानंतरच्या दोन दिवसांत होतं. शेतकरी फळं घरी आणायचा, दगडानं किंवा हातयंत्रानं साल काढायचा, मिळेल त्या पाण्यात बिया धुवायचा आणि अंगणात मातीवर वाळत घालायचा. कुणाच्या बिया जास्त आंबलेल्या, कुणाच्या अर्धवट वाळलेल्या, कुणाच्या बियांना धुराचा वास. व्यापारी दारात यायचा आणि हे सगळं एकाच पोत्यात, एकाच भावानं भरायचा. चांगलं करणाऱ्याला जास्त पैसे नाहीत, मग चांगलं करायचं कशाला?

त्यातच १९८९ साली कॉफीचे भाव टिकवून धरणारा आंतरराष्ट्रीय करार मोडला आणि भाव जवळपास निम्म्यावर आले. खेड्यापाड्यांतली मिळकत आटली. आणि १९९४च्या एप्रिलपासून जे घडलं ते सगळ्या जगाला माहीत आहे. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुसंख्य तुत्सी. मारणारे पुष्कळदा शेजारीच होते. कॉफीच्या बागा रानासारख्या वाढल्या. तोडायला माणसंच उरली नव्हती.

देशाच्या दक्षिणेला बुतारे नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. आता त्याला हुये म्हणतात. त्याच्याजवळच माराबा नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या सुमारे २२० शेतकऱ्यांनी १९९९ साली एकत्र येऊन एक सहकारी संस्था काढली. नाव ठेवलं अबाहुझामुगांबी. किन्यारवांडा भाषेत याचा अर्थ साधारण असा होतो : एका उद्देशासाठी मिळून काम करणारी माणसं. या २२० जणांत हत्याकांडात नवरा, मुलं गमावलेल्या विधवा होत्या, तशाच ज्यांचे नवरे त्याच हत्याकांडाच्या आरोपाखाली तुरुंगात होते अशा बायकाही होत्या.

सुरुवातीला संस्थेकडे नावापलीकडे फार काही नव्हतं. मग बुतारेचं राष्ट्रीय विद्यापीठ, अमेरिकेतली मिशिगन स्टेट आणि टेक्सास ए अँड एम ही दोन विद्यापीठं यांचा एक प्रकल्प उभा राहिला. त्याचं नाव पर्ल. पैसा यूएसएड या अमेरिकी सरकारी संस्थेचा. तज्ज्ञांनी पाहणी केली आणि सांगितलं, झाडं बदलू नका, जमीन बदलू नका. फळावर प्रक्रिया करायची पद्धत बदला. २००१च्या जुलैत माराबात कॉफी धुण्याचं केंद्र उभं राहिलं. तिकडे त्याला वॉशिंग स्टेशन म्हणतात. त्याच्या आदल्या वर्षी अख्ख्या देशात अशी केंद्रं जेमतेम दोन होती.

या केंद्रात नेमकं काय चालतं? मार्च ते जून-जुलै हा हंगाम. सकाळी बायाबापड्या डोंगरउतारावरून फळं तोडतात. फक्त पूर्ण लाल झालेली. हिरवं किंवा अर्धं पिकलेलं फळ तोडायचं नाही, म्हणून एकाच झाडाकडे हंगामात अनेकदा जावं लागतं. दुपारनंतर टोपल्या डोक्यावर घेऊन, नाहीतर सायकलीला पोती बांधून लोक केंद्रावर येतात. टॉम रिची या अमेरिकी सायकल-निर्मात्यानं तर रवांडाच्या कॉफी उत्पादकांसाठी मागची बाजू लांब असलेली खास ओझ्याची सायकल तयार केली. कारण एकच, फळ वेळेत पोचलं पाहिजे.

केंद्रावर आधी निवड. तिथं शेतकरी स्वतःच आपली फळं पसरून कच्ची, किडकी वेगळी काढतो. मग फळं पाण्याच्या हौदात ओततात. आपण बियाणं पाण्यात टाकून पाहतो तसंच हे. पोचट तरंगतं, भरलेलं बुडतं. तरंगणारी फळं बाजूला केली की उरलेली वजन करून घ्यायची, शेतकऱ्याच्या नावावर लिहायची आणि त्याच संध्याकाळी यंत्रात घालून साल काढायची. हे काम उद्यावर टाकता येत नाही. हंगामाच्या भरात मध्यरात्रीपर्यंत यंत्रं चालतात.

साल निघाली तरी गराचा चिकट थर बीला धरून असतो. तो पाण्यानं निघत नाही. म्हणून बिया टाकीत बारा ते अठरा तास आंबवतात. आपल्याकडे आंबोळीचं पीठ जसं थंडीत जास्त वेळ आणि उन्हाळ्यात कमी वेळ ठेवावं लागतं, तसंच इथंही आहे. घड्याळावर विसंबून चालत नाही. जाणता माणूस टाकीत हात घालून बिया मुठीत चोळतो. बुळबुळीतपणा गेला आणि ओल्या खड्यांसारख्या त्या करकरल्या की झालं. काही ठिकाणी टाकीत काठी खुपसून पाहतात. काठी काढल्यावर भोक तसंच राहिलं तर बिया धुवायला तयार. तासभर लवकर केलं तर चिकटपणा राहतो, फार उशीर केला तर आंबूस चव बीमध्ये शिरते.

मग धुण्याचं काम. सिमेंटच्या लांब, उताराच्या पाटातून पाणी सोडतात आणि त्यात बिया. लाकडी फावड्यांनी त्या पाण्याच्या उलट दिशेनं ढकलत राहायचं. वजनदार बिया तळाला राहतात, हलक्या वाहून पुढे जातात. धुणंही होतं आणि प्रतवारीही. यानंतर ओल्या बिया सावलीतल्या जाळीवर पसरतात आणि दोन्ही बाजूंना बायका बसून त्या निवडतात. बी ओली असतानाच तिच्यातला डाग, कीड, यंत्रानं पडलेली चीर स्पष्ट दिसते, म्हणून ही घाई. नंतर लाकडी खांबांवर ताणलेल्या जाळीच्या लांबलचक बाजांवर बिया उन्हात घालतात. खालून वारा, वरून ऊन. दुपारी ऊन कडक झालं की झाकायच्या, पावसाचं चिन्ह दिसलं की झाकायच्या, रात्री झाकायच्या आणि मधेमधे हातानं परतत राहायच्या. असे दोन-तीन आठवडे. ओलावा अकरा-बारा टक्क्यांवर आला की काम झालं. साधारण सहा किलो फळातून निर्यातीजोगी कॉफी एक किलो मिळते.

ही झाली धुतलेली कॉफी. अशा पद्धतीनं केलेल्या कॉफीत मातीचा, आंबल्याचा वास नसतो. त्यामुळे त्या डोंगराची, त्या झाडाची म्हणून जी चव असते ती स्वच्छ कळते. रवांडाच्या चांगल्या कॉफीत लिंबूवर्गीय आंबटपणा आणि फुलांचा मंद वास जाणवतो, असं जाणकार सांगतात. ‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्द १९७४ साली अर्ना क्नुट्सेन या अमेरिकेतल्या कॉफी व्यापारी बाईंनी रूढ केला. पुढे त्याची मोजपट्टीही ठरली. प्रशिक्षित परीक्षक दळलेल्या कॉफीवर गरम पाणी ओततात, चार मिनिटांनी वरची साय चमच्यानं मोडतात, वास घेतात आणि भुरका मारून चव पाहतात. शंभरपैकी ऐंशी किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर ती स्पेशालिटी.

आणि इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पिढ्यान्‌पिढ्या कॉफी पिकवणाऱ्या या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतःची कॉफी कधी प्यायलीच नव्हती. चांगली कशाला म्हणायचं हे गिऱ्हाईक ठरवणार आणि आपण मान डोलावणार, असं चाललेलं. पर्ल प्रकल्पानं स्थानिक तरुण-तरुणींना चव परीक्षणाचं शिक्षण दिलं. आपल्या मालात काय खोट आहे आणि काय गुण आहे हे ज्याला कळतं, तो सौद्याला बसताना वेगळ्या आवाजात बोलतो.

२००१चा पहिला हंगाम उशीर झाल्यामुळे जेमतेम हाती लागला. त्या वर्षी जगाच्या बाजारात कॉफीचा भाव पौंडाला पन्नास सेंटच्या खाली घसरला होता. अशा काळात माराबाचे नमुने परदेशी गेले. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या एका कंपनीनं आणि लंडनच्या युनियन कॉफी रोस्टर्सनं माल घेतला. २००३ साली ब्रिटनमधल्या सेन्सबरीच्या दुकानांत माराबाच्या नावाची पाकिटं लागली. आता पोत्यावर नुसतं ‘रवांडा’ नव्हतं, गावाचं नाव होतं. भाव बाजारापेक्षा कितीतरी वर मिळाला. आपल्या साखर कारखान्यासारखीच इथंही पैसे देण्याची रीत आहे. फळ घालताना पहिली उचल आणि माल विकला गेल्यावर नफ्यातला पुढचा हप्ता. हा दुसरा हप्ता हीच सहकाराची खूण. खासगी व्यापारी फळाचे पैसे देतो आणि संबंध संपतो.

माराबाचं पाहून बाकीचे डोंगरही जागे झाले. गाकेन्के भागातल्या संस्थेनं तर नावच ठेवलं ‘दुकुंदे कावा’, म्हणजे ‘कॉफीवर प्रेम करू या’. तिच्या सभासदांत बायकांचं प्रमाण मोठं. २००८ साली ‘कप ऑफ एक्सलन्स’ ही नामांकित स्पर्धा आफ्रिकेत प्रथमच भरली, ती रवांडात. दोनाची केंद्रं पुढे शेकड्यांवर गेली.

आता माणसांकडे वळू. धुतलेल्या कॉफीचा एक नियम असा की एकाची चूक सगळ्यांना भोवते. टाकीत शंभर घरांची फळं एकत्र पडतात. एकानं गुपचूप कच्ची फळं मिसळली तर साऱ्या टाकीची प्रत जाते. रवांडात तर आणखी एक संकट आहे. एक प्रकारचा ढेकूण फळाला भोक पाडतो आणि त्यातून अशा काही बियांना कच्च्या बटाट्याच्या सालीसारखा वास येतो. बी वरून पाहून ते ओळखणं फार अवघड असतं. एक बी कपभर कॉफी बिघडवते. उपाय एवढाच की प्रत्येकानं आपली झाडं छाटून, कीड मारून ठेवायची आणि निवडताना भोक पडलेलं एकही फळ सोडायचं नाही. म्हणजे शेजाऱ्यावर विश्वास ठेवल्याशिवाय हा धंदाच होत नाही. आणि हा विश्वास कुठं ठेवायचा होता? ज्या गावांत शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारलं होतं तिथं. कॉफीनं समेट घडवला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. गेलेली माणसं परत आली नाहीत, न्याय-अन्यायाचे हिशेब न्यायालयात वर्षानुवर्षं चालले. पण एकाच बाजेच्या दोन बाजूंना त्या दोन बायका रोज बसत होत्या, ओल्या बिया निवडत होत्या, मुलांच्या फीबद्दल बोलत होत्या, हेही खरं आहे. एकमेकींचं तोंड पाहायला काही कारण तर लागतं.

गोष्ट इथं संपवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. अनेक संस्था कर्जात बुडाल्या. केंद्र बांधायला कर्ज काढलं, हिशेब नीट ठेवले नाहीत, संचालक आणि सभासद यांच्यात पारदर्शकता राहिली नाही. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना यात नवं काहीच वाटणार नाही. पैसेवाल्या निर्यातदारांनी आपली केंद्रं काढली, काहींनी बुडालेली विकत घेतली. बाजारभाव वर उसळला की वेगळंच दुखणं. २०२५च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली, तोवरचा उच्चांक. अशा वेळी दारात रोख पैसे घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला सोडून संस्थेच्या दुसऱ्या हप्त्याची वाट कोण पाहणार? आणि सभासदानं फळ बाहेर घातलं की केंद्राची यंत्रं रिकामी राहतात, कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. ज्या यूएसएडच्या पैशानं सुरुवात झाली, ती संस्थाही २०२५ साली बंद करण्यात आली. पाण्याचाही प्रश्न आहे. धुतल्यानंतरचं आंबट पाणी तसंच ओढ्यात सोडलं तर खालच्या गावाचं पाणी नासतं. ते खड्ड्यांत मुरवावं लागतं, सालीचं खत करावं लागतं. चांगली केंद्रं ते करतात. पण हा खर्चही शेतकऱ्याच्याच भावातून जातो.

तरीसुद्धा १९९९पूर्वी आणि नंतर यात एक फरक पडला, तो पुसला गेलेला नाही. आज माराबाच्या परिसरातल्या शेतकऱ्यापुढे आपलं लाल फळ कुणाला घालायचं, याचे दोन-तीन तरी पर्याय असतात आणि लाल फळाला वेगळा भाव असतो, हे त्याला ठाऊक असतं. खासगी केंद्रवाल्यालाही बाजूच्या सहकारी संस्थेकडे बघून भाव ठरवावा लागतो. सहकारी कारखाना नसलेल्या तालुक्यात उसाला काय भाव मिळतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

हे फक्त आफ्रिकेतच घडतं असंही नाही. आंध्र प्रदेशातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी सावलीच्या झाडांखाली कॉफी पिकवतात. त्यांच्याही सहकारी संस्था आहेत आणि त्या कॉफीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या शहरांतल्या दुकानांत आता ती मिळते. अशा कॉफीचं पाकीट हातात घेतलं, तर त्यावर केंद्राचं किंवा संस्थेचं नाव आहे का पाहा. ‘वॉश्ड’ असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ आता तुम्हाला माहीत आहे. आणि दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा : माल विकल्यानंतर शेतकऱ्याला दुसरा हप्ता मिळतो का? त्याला उत्तर माहीत नसेल, तर माहीत करून घ्यायला सांगा. गिऱ्हाइकानं विचारलं की दुकानदार पुढे विचारतो, आणि असं विचारत विचारत प्रश्न डोंगरापर्यंत पोचतो.